मदत हवी आहे : ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पॉन्ड’मधील सनदेचा वाद

एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांच्या १९५८ सालच्या या कादंबरीवर मी निबंध लिहीत आहे. १६८७ मध्ये बार्बाडोसहून कनेक्टिकटमधील वेदर्सफील्डला आलेली नायिका किट तिथल्या प्युरिटनांना (कडक धर्माचरण पाळणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांना) परकी का वाटते, हे तिचे पोहणे, रेशमी कपडे आणि क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथातील हॅनाशी जमलेली मैत्री यांच्या आधारे मी मांडले आहे. त्याच गावच्या कॅथरिन हॅरिसन यांच्यावर १६६९ साली चाललेल्या चेटुकाच्या खटल्याचीही माहिती वाचली आहे. अडते ते राजकीय भागाशी. इंग्लंडच्या राजाने नेमलेले गव्हर्नर अँड्रॉस यांच्यापासून वसाहतीची सनद (स्वशासनाचा हक्क देणारा राजाचा दस्तऐवज) जपू पाहणारे किटच्या मावशीचे यजमान मॅथ्यू वुड घरात मात्र आपलाच शब्द चालवतात, आणि तरीही किटवर चेटुकाचा आरोप होताच तिच्या पाठीशी उभे राहतात. मला हा विरोधाभास फार मोलाचा वाटतो. कथानकाचा सारांश नको आहे. सनदेचा वाद निव्वळ पार्श्वभूमी न मानता किटच्या चौकशीशी जोडायचा असेल, तर कोणते प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत?