प्रति: निर्बंधित हवाई क्षेत्र आणि वैमानिकाची जबाबदारी
नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या विमानतळावरून निघणाऱ्या वैमानिकाला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यामुळे लागू झालेल्या निर्बंधांची कल्पना कोणी द्यायची, असा प्रश्न वर विचारला गेला आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियमांतील कलम ९१.१०३ नुसार उड्डाणाशी संबंधित सर्व उपलब्ध माहिती आधीच करून घेणे हे वैमानिकाचेच कर्तव्य असल्यामुळे 'मला कोणी सांगितले नाही' हा बचाव टिकत नाही.

अशा दौऱ्यात साधारणतः ३० सागरी मैल त्रिज्येचे क्षेत्र सुमारे १८,००० फुटांपर्यंत निर्बंधित होते. आतल्या १० मैलांत खासगी विमानांना जवळजवळ पूर्ण बंदी असते; बाहेरच्या कड्यात सक्रिय फ्लाइट प्लॅन (नोंदवलेला उड्डाण आराखडा), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) नेमून दिलेला संकेतांक आणि नियंत्रकाशी सतत संपर्क असेल तरच जाता येते, तेही केवळ ये-जा करण्यासाठी. प्रशिक्षण किंवा घिरट्या चालत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. दौऱ्याचे वेळापत्रक ऐनवेळी बदलते आणि नोटॅमही (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) बदलतो, शिवाय त्यातील वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे रात्री पाहिलेल्या माहितीवर सकाळी विसंबणे मला धोक्याचे वाटते. निघण्यापूर्वी नोटॅम पुन्हा पाहावा आणि हवेत असताना १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ वारंवारतेवर कान ठेवावा, कारण अडवायला आलेले लढाऊ विमान बहुधा त्याच वारंवारतेवर बोलते.