१९१४ चं कुवेत : शेख मुबारकने इंग्रजांचा हात धरला तो गावासाठी की गादीसाठी?

कृष्णाकाठ

परवा एका ग्रुपवर आखाती देशांवरून वाद चालला होता, तिथे एकाने ठासून लिहिलं की कुवेत आज नकाशावर आहे ते शेख मुबारक अल सबाहच्या दूरदृष्टीमुळे आणि इंग्रज दिल्या शब्दाला जागले म्हणून. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मुबारक १८९६ मध्ये गादीवर आला तो महंमद आणि जर्राह या दोन सावत्र भावांना मारून. २३ जानेवारी १८९९ ला त्याने इंग्रजांशी गुप्त करार केला. इंग्रजांना विचारल्याशिवाय परक्या सत्तेचा वकील ठेवायचा नाही, इंचभर जमीन विकायची नाही की भाड्याने द्यायची नाही. बदल्यात १५,००० रुपये. रुपयेच, कारण हा सगळा कारभार हिंदुस्थान सरकारचा. इराणच्या किनाऱ्यावर बुशायरला इंग्रजांचा रेसिडेंट, त्याच्या हाताखाली १९०४ पासून कुवेतला पोलिटिकल एजंट आणि कागद जाणार सिमल्याला. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या संस्थानांचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना ही उतरंड लगेच ओळखू येईल.

मग युद्ध आलं. ३ नोव्हेंबर १९१४ ला, म्हणजे इंग्लंडने तुर्कस्तानशी रीतसर युद्ध पुकारायच्या दोन दिवस आधी, रेसिडेंट नॉक्सने मुबारकला पत्र पाठवलं. सफवान, उम्म कस्र आणि बुबियान या तुर्की ठाण्यांवर हल्ला कर, बसरा घ्यायला मदत कर, मग कुवेत हे आमच्या संरक्षणाखालचं स्वतंत्र सरकार मानू आणि बसऱ्याकडच्या फाव ते कुर्ना पट्ट्यातल्या तुझ्या खजुराच्या बागा तुझ्या वंशजांकडे कायम बिनकराच्या राहतील. आता हे पत्र नीट वाचा. त्यात शेख आहे, शेखाचे वंशज आहेत, शेखाच्या बागा आहेत. मोत्यांसाठी बुडी मारणारे पाणबुडे, नाखवे, व्यापारी यांच्याबद्दल एक ओळ नाही. गादी वाचली हे मान्य, पण गावाला कुणी विचारलं होतं?

बंदरावरचा

कृष्णाकाठ, तुमचे तपशील बरोबर आहेत पण निष्कर्ष आजच्या खुर्चीत बसून काढलाय. १९१४ च्या कुवेतकडे होतं काय? शेती नाही, नदी नाही. गावातल्या विहिरी पुरेनात म्हणून पिण्याचं पाणीसुद्धा बसऱ्याच्या शत अल अरब नदीतून गलबतांत भरून आणावं लागत होतं. म्हणजे बसरा ज्याच्या हातात त्याच्या हातात कुवेतचा घसा. त्यात जर्मनांची बगदाद रेल्वे कुवेतच्या खाडीपर्यंत आणायचं घाटत होतं. तुर्क, जर्मन, इंग्रज, वाळवंटातून हाइलचा इब्न रशीद आणि नज्दचा इब्न सौद हे अरब सत्ताधीश, या सगळ्यांच्या मधे एवढंसं बंदर. कुणाचा तरी हात धरणं भागच होतं, आणि ज्याचं आरमार त्या समुद्रात सगळ्यात मोठं त्याचा धरला. इंग्रजांचं सैन्य १६ ऑक्टोबरलाच मुंबईहून निघालेलं, २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. मुबारक कुंपणावर बसला असता तर बसऱ्याबरोबर कुवेतही युद्धात जिंकलेला तुर्की मुलूख म्हणून मोजलं गेलं असतं, आज इराकचा एक जिल्हा असतं. गावाला विचारलं का म्हणता, त्या काळात कुठल्या राजाने विचारलं होतं?

मेघना_पुणे

बंदरावरचा, "कुठल्या राजाने विचारलं" हे कुवेतपुरतं तरी खरं नाही हो. १९१० मध्ये मुबारकने लढायांसाठी कर वाढवले तेव्हा हिलाल अल मुतैरीसारखे बडे मोती व्यापारी आपली गलबतं आणि माणसं घेऊन सरळ बहरीनला निघून गेले. गावाचं उत्पन्नच उठून गेलं, मग मुबारकला माणसं पाठवून मनधरणी करावी लागली आणि कर मागे घ्यावे लागले. ही त्या गावाची रीत होती, शेखाचा खर्च व्यापारी चालवायचे म्हणून शेख त्यांचं ऐकायचा. इंग्रजांनी नेमकी हीच रीत मोडली. १९०७ ला इंग्रजांनी घेतलेल्या कुवेतमधल्याच शुवैखच्या किनाऱ्याच्या भाड्यापोटी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, वर आरमाराचा वरदहस्त, मग व्यापाऱ्यांचं ऐकायची गरज कुणाला उरते? आणि लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. १९१५ च्या सुरुवातीला शेजारच्या, इराणच्या हद्दीतल्या मुहम्मराच्या शेख खजलविरुद्ध टोळ्या उठल्या तेव्हा मुबारकने कुवेतकरांना त्याच्या मदतीला जायला सांगितलं आणि त्यांनी चक्क नकार दिला. खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या विरोधात इंग्रजांच्या बाजूने लढणार नाही म्हणाले.

सातारकर_८४

मला यात आपल्या माणसांचा मुद्दा मांडायचाय. मुंबईहून निघालेलं ते सैन्य म्हणजे सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी. त्या डिव्हिजनमध्ये ११७ वी मराठा, ११० वी मराठा अशा पलटणी होत्या. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलंही नव्हतं तेव्हा त्या पहिल्या तुकडीतली पोरं बोटीत बसलेली. फाववर उतरली, बसरा घेतलं, आणि पुढे डिसेंबर १९१५ पासून कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग कैदेत वाळवंटातून पायपीट आणि त्यात कित्येक मेले. आमच्या भागात गावोगावी संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली आणि त्यातली इतकी कामी आली. नावं नाहीत, नुसते आकडे. शेखाच्या बागा बिनकराच्या राहतील हा शब्द ज्यांच्या जिवावर दिला गेला ती ही माणसं, म्हणून कुणी "इंग्रजांनी कुवेत वाचवलं" असं लिहिलं की मला राग येतो.

बंदरावरचा

सातारकर, त्या पाट्यांपुढे मीही मान झुकवतो, त्याबद्दल वादच नाही. पण पुणे डिव्हिजन कुवेतसाठी गेली नव्हती, ती आबादानचं तेल आणि बसरा यांच्यासाठी गेली होती. मुबारक नसता तरी गेलीच असती. दोन गोष्टी एकत्र करू नका.

आणि मेघनाताई, व्यापारी म्हणजे जनता नव्हे. पाणबुड्यांना पिढ्यान् पिढ्या कर्जात अडकवून ठेवणारे हेच व्यापारी होते.

कृष्णाकाठ

व्यापारी म्हणजे जनता नाही हे बरोबर, पण शेखाला अडवू शकणारी तीच एक शक्ती गावात होती, तिचे दात पाडल्यावर पाणबुड्याचं काय भलं झालं?

आता शब्दाला जागण्याबद्दल. मुबारक नोव्हेंबर १९१५ मध्ये वारला, मग त्याचा मुलगा जाबिर सव्वा वर्ष, मग १९१७ पासून दुसरा मुलगा सालिम. कुवेतच्या बाजारातून कापड, साखर, तांदूळ उंटांवरून इब्न रशीदच्या हाइलला आणि तिथून पुढे तुर्की फौजांना पोचतोय म्हणून १९१८ मध्ये इंग्रजांनी कुवेतचीच नाकेबंदी केली. ज्याला संरक्षण दिलं त्याच्याच बंदराची! माल किती उतरवायचा हे इंग्रज अधिकारी ठरवणार आणि तस्करी झाली तर जबाबदार सालिम.

देशपांडे_फहाहील

मी इथे कुवेतमध्येच नोकरीला आहे म्हणून लिहितो. नाकेबंदी वाईट होती पण बिनबुडाची नव्हती. मदिनेत फख्री पाशा तुर्की शिबंदी घेऊन १९१९ उजाडेपर्यंत तग धरून होता, आणि वाळवंटातून माल जात होता हे खरंच आहे. युद्धात असताना कुठलं सरकार हे चालू देईल?

मेघना_पुणे

पण मग नियम सगळ्यांना एक हवा ना? तो माल कुवेतच्या बाजारातून उचलून पुढे विकणारे बरेचसे नज्दचे, कासीम भागातले व्यापारी होते, म्हणजे इब्न सौदच्या मुलखातले. आणि इब्न सौदला तर त्याच काळात इंग्रजांकडून महिन्याला ५,००० पौंड चालू होते. इंग्रजांचं कैरोचं ऑफिस मक्केच्या शरीफ हुसेनला धरून, हिंदुस्थान सरकार इब्न सौदला धरून, दोघांची आपापसात रस्सीखेच आणि छोटं बंदर आयतं सापडलं म्हणून दंड त्याला.

देशपांडे_फहाहील

हा मुद्दा पटतो. इथलीच एक गोष्ट सांगतो. शहरात आज मोठ्या रस्त्यांच्या मधे गावकुसाच्या जुन्या वेशी उभ्या दिसतात, भिंत १९५७ मध्ये पाडली. ती भिंत १९२० च्या उन्हाळ्यात, इब्न सौदच्या इख्वानांचा (कट्टर धार्मिक टोळीवाल्या लढवय्यांचा) धोका दिसल्यावर, गावातल्या लोकांनी स्वतः माती कालवून काही महिन्यांत उभी केली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. १० ऑक्टोबरला शहराजवळच्या जहरा गावी लढाई झाली, सालिम तिथल्या लाल किल्ल्यात कोंडला गेला. इंग्रजांच्या युद्धनौका आणि विमानं आली, पण लढाई होऊन गेल्यावर. इथली जुनी माणसं ती भिंत आणि जहरा अभिमानाने सांगतात.

बंदरावरचा

आली ना पण शेवटी! इख्वान शहरात शिरले नाहीत त्यात त्या नौकांचा धाक होताच की. नुसत्या मातीच्या भिंतीवर इख्वानांचा म्होरक्या फैसल अल दुवैश परत फिरला असं म्हणायचंय का तुम्हाला?

कृष्णाकाठ

धाक होता, मान्य. पण दोन वर्षांनी त्याच धाकाचं बिल आलं. १९२२ च्या शेवटी आखाती किनाऱ्यावरच्या उकैरला इंग्रज अधिकारी पर्सी कॉक्सने इराक, नज्द आणि कुवेतच्या सीमा आखल्या. इराकसाठी इब्न सौदकडून जमीन घेतली आणि त्याची भरपाई कुवेतच्या मुलखातून केली, कुवेत ज्यावर हक्क सांगत होतं त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग एका रेघेत गेला. तिथे कुवेतच्या वतीने कोण होतं? शेख नाही, व्यापारी नाही, इंग्रजांचाच पोलिटिकल एजंट मेजर मोर. १८९९ च्या कराराने शेखाला दुसऱ्याशी बोलायची बंदी होती, त्यामुळे त्याच्या वतीने बोलणारा इंग्रज आणि समोर रेघ मारणाराही इंग्रज. आणि बिनकराच्या बागांचं काय झालं? इराक उभं राहिल्यावर त्याच बागांवर कर आणि मालकीचे वाद सुरू झाले, वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला.

बंदरावरचा

दोन तृतीयांश गेला, पण उरलेल्यात बुरगानचं तेलक्षेत्र होतं, १९३८ ला तिथेच तेल लागलं. शेजारच्या खजलकडे बघा. त्यालाही १९१४ ला अशीच पत्रं मिळाली होती. १९२५ मध्ये इराणच्या रझाखानाने त्याला पकडून तेहरानला नेलं आणि मुहम्मरा संपलं, इंग्रज बघत बसले. कुवेत मात्र राहिलं. १८९९ चा पक्का करार होता म्हणूनच राहिलं असं माझं म्हणणं आहे.

कृष्णाकाठ

खजलचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. तोच मालक, तेच युद्ध, तशीच पत्रं, आणि तेहरानशी जुळवून घेणं फायद्याचं दिसल्यावर त्याला वाऱ्यावर सोडला. कुवेतच्या बाबतीत तशी वेळ आली नाही असं म्हणा फार तर. १९१३ ला आली होती तेव्हा तर लंडनमध्ये तुर्कांबरोबर बसून कुवेत हा उस्मानी साम्राज्याचा स्वायत्त जिल्हा आहे असं यांनीच लिहून दिलं होतं, मुबारकला न विचारता. युद्ध पेटलं म्हणून तो कागद मंजूर व्हायचा राहिला. तुमचा १८९९ चा पक्का करार तेव्हा चौदा वर्षांचा होता.