सुंगटाचा काटा अंगठ्यात, गाठ काखेत. असं का?

खानावळवाली, मालवण:

आमची घरगुती खानावळ आहे. सीझनला रोज तीन-चार किलो सुंगटं सोलावी लागतात (पुणेकरांसाठी: कोळंबी). मागच्या मंगळवारी घाईत एकाच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा उजव्या अंगठ्यात, नखाच्या कडेला घुसला. हे महिन्यातून दोनदा होतंच. हात धुतले, हळद चेपली, कामाला लागले.

संध्याकाळी ठणका सुरू. बुधवारी अंगठा लाल, गरम, टम्म. गुरुवारी नखापाशी पिवळा पू, आणि केस विंचरायला हात वर केला तर काखेत सुपारीएवढी दुखरी गाठ. आई चाचपून म्हणाली, "अवधाण इला, काय होवचा नाय." मी मात्र रात्रभर जागी. काखेत गाठ म्हटल्यावर बाईमाणसाच्या मनात पहिलं काय येतं ते सांगायला नको.

शुक्रवारी डॉक्टरांनी पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. रक्तात पांढऱ्या पेशी 14,200, न्यूट्रोफिल 82 टक्के. "इन्फेक्शन आहे" एवढंच म्हणाले, बाहेर वीस माणसं खोळंबली होती. काटा अंगठ्यात तर गाठ थेट काखेत कशी? माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय का? वहिनी रोज सकाळी काढा पाजतेय, इम्युनिटी वाढते म्हणून.

चिपळूणचा_भाऊ:

काढा बंद करू नका. वहिनीचा राग गाठीपेक्षा वाईट. बाकीचं जाणकार सांगतील.

काचपट्टी, रत्नागिरी:

ताई, आईने बरोबर ओळखलं. मी एकतीस वर्षं लॅबमध्ये काचेवर रक्त पसरवून बघितलंय, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही, रिपोर्टबद्दल बोलतो.

पांढऱ्या पेशी एरवी एका घन मिलिमीटरला 4,000 ते 11,000 असतात. तुमच्या 14,200. म्हणजे शक्ती कमी कसली, उलट कुमक आलीय! न्यूट्रोफिल हे त्यातलं पायदळ. लिशमनचा रंग चढवला की भिंगाखाली फिकट गुलाबी अंग दिसतं आणि आत जांभळं केंद्रक, तेही अखंड नाही, तीन-चार मणी बारीक दोऱ्यात ओवल्यासारखं. हाडांच्या मगजात या पेशी दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात आणि रक्तात आल्यावर जेमतेम दिवसभर टिकतात. इन्फेक्शन जोरात असलं की मगज अर्धकच्च्या पेशीही बाहेर सोडतो. त्यांच्या केंद्रकाचे मणी सुटलेले नसतात, वाकवलेल्या सळीसारखं दिसतं. मार्केट चढलं म्हणून पाड लागायच्या आधीच आंबा उतरवावा, तसं.

अंगठ्यात काय झालं? काट्याबरोबर जंतू कातडीखाली गेले. तिथे आधीपासून मुक्कामाला असलेल्या पेशींनी हिस्टामीन वगैरे रसायनं सोडली. बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, झिरपायला लागल्या. रक्त वाढलं म्हणून लाल आणि गरम, पाणी झिरपलं म्हणून सूज. त्याच फटींतून न्यूट्रोफिल बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पिवळा पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी. तुमचा ठणका बराचसा आपल्याच बंदोबस्ताचा होता.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं ती गोष्टही काट्याचीच आहे. 1882 साली इल्या मेच्निकॉफ इटलीत मेसिनाला, समुद्राकाठी राहत होता. घरचे सर्कस बघायला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. ताऱ्यामाशाची पाण्यासारखी पारदर्शक पिल्लं घेतली आणि त्यांच्या कातडीखाली गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. याच कामाबद्दल 1908चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिक यांच्यासोबत. कॉलेजच्या पोरांना काच दाखवताना मी हे हटकून सांगायचो. निम्मी पोरं सर्कशीतच अडकायची.

आता काख. झिरपलेलं पाणी परत न्यायला वेगळ्या नळ्या असतात, लसिकावाहिन्या. अंगठ्याकडच्या नळ्या काखेतल्या ग्रंथींत जातात. पाण्याबरोबर जंतूंचे तुकडे वाहत येतात, शिवाय काही पेशी ते तुकडे अंगावर मिरवत मुद्दाम तिथवर येतात. ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पेशी दाटीने बसलेल्या, प्रत्येकीला ओळखता येणारी खूण निराळी. बंदरावरचा लिलाव आठवा. टोपली फिरते, शंभर जणी बघतात, जिला तोच मासा हवा तीच हात वर करते. इथे जिची खूण जुळते तिच्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. त्या गर्दीने ग्रंथी फुगते, वरचं वेष्टन ताणलं जातं आणि दुखतं. ते अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत येतं, तेही याच हिशोबाने.

खानावळवाली:

लिलावाचं लगेच डोक्यात शिरलं, दादा. पण मग एवढी फौज असताना गोळ्या कशाला? आणि काटे तर मला परकरात होते तेव्हापासून टोचतायत. शरीर अजून शिकलं कसं नाही?

काचपट्टी:

शिकायला वेळ लागतो म्हणून गोळ्या. लिलावात हात वर झाल्यापासून अँटिबॉडी पुरेशा तयार व्हायला आठवडा तरी जातोच. तेवढ्यात जंतू दुपटीने वाढत बसतात, गोळी त्यांना रोखून धरते.

दुसरं म्हणजे काटा तोच असला तरी जंतू तोच नसतो. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, कारण स्मृतिपेशी राहतात आणि विषाणूही ओळखीचाच येतो. पू करणारे स्टॅफिलोकॉकस मात्र ओळख चुकवण्यात तरबेज. गळू एकदा झालं म्हणून पुन्हा होत नाही, असं कुठे आहे? धनुर्वात तर त्याहून विचित्र. त्याचं विष इतक्या थोड्या मात्रेत माणूस मारतं की तेवढ्यावर शरीर काही शिकतच नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही लस द्यावीच लागते.

काढा प्या, गरम पाणी पोटात जाईल. पण "वाढवा" म्हणणाऱ्यांपासून जपा. फौज भलत्यावर धावली की ॲलर्जी होते, आपल्याच सांध्यांवर धावली की संधिवात.

हर्णैचा_तांडेल:

अवधाण आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही कोणी समजू नका. मला डायबेटीस. तीन वर्षांपूर्वी जाळं झाडताना शिंगाळ्याचा काटा तळहातात गेला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरला, शिंगाळ्याच्या विषावर आम्ही तेच करतो, आणि कळ उतरली. ताप नाही, गाठ नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी बोटीवर. चौथ्या दिवशी मनगटापर्यंत हात भोपळा आणि कातडीवर काळपट फोड. साखर 380. दोनदा चिरावं लागलं, करंगळी अजून पुरती मिटत नाही. साखर कशी आडवी येते ते सांगा कोणीतरी.

काचपट्टी:

साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात. जखमेकडे उशिरा पोचतात, गिळलेला जंतू नीट मारत नाहीत. त्यामुळे आरडाओरडा कमी आणि नासाडी जास्त. खाऱ्या पाण्यातले काही व्हिब्रिओ जंतू तर तासांच्या हिशोबाने पसरतात, यकृत बिघडलेल्यांना फार धोक्याचे. जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, थंडी वाजून ताप, कातडी काळवंडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. साखरवाल्याने तर हे दिसायची वाटच बघू नये.

आणि ताई, गाठ दोन-तीन आठवड्यांत बसायला हवी. नाही बसली, न दुखता वाढली किंवा दगडासारखी लागली, तर मनातली ती पहिली भीती डॉक्टरांना बोलून दाखवा.

खानावळवाली:

बाराव्या दिवशी लिहितेय. गाठ वाटाण्याएवढी राहिलीय, दाबलं तरच कळते. अंगठ्याचं साल निघतंय. आईला अख्खा लिलाव समजावून सांगितला. ती विळीवरून न उठता म्हणाली, "माका म्हायत होता." रबरी हातमोजे आणलेत, पण ते घातले की सुंगट हातातून निसटतं. म्हणून काटा जिकडे येतो त्या उजव्या हाताला एकच घालते. शनिवारी अठरा ताटं आहेत.