टायर कंपन्यांनी पर्यावरणासाठी एकत्र यावं का? आपल्या खाड्यांच्या बाजूने विचार करू

खाडीकाठचा_चिपळूणकर

मुंबई–गोवा महामार्ग सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या सगळ्या नद्या ओलांडतो. घाटउतारावर ब्रेक लागले की टायर झिजतात, काळी भुकटी रस्त्यावर पडते आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वहाळात, तिथून खाडीत जाते. कारखान्यांच्या सांडपाण्यावर आपण भांडतो, या भुकटीचं नाव कोणी काढत नाही.

टायरच्या रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडतात. हे रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ओझोनचा मारा स्वतःवर घेतं. त्यातून तयार होतं ६पीपीडी-क्विनोन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अंडी घालायला नदीत परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की तडफडून मरायचे. त्यामागे हेच रसायन आहे, हे डिसेंबर २०२० मध्ये पुढे आलं.

माझं मत स्पष्ट आहे: हे काम कंपन्यांनी मिळूनच केलं पाहिजे. मिशेलिन, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा अशा मोठ्या कंपन्यांचा ‘टायर इंडस्ट्री प्रोजेक्ट’ २००५ पासून टायरच्या झिजेचे कण आणि रसायनं यांवर संशोधन करवून घेतो. एकट्या कंपनीने घाईने ६पीपीडी काढलं आणि कशेडी घाटात भरल्या ट्रकचा टायर फुटला, तर? पर्याय आणि चाचण्या सगळ्यांच्या सामायिक हव्यात.

दाभोळ_बंदर

साफ असहमत. २००५ ते २०२०, पंधरा वर्षं झाली. हे रसायन टायर कंपन्यांच्याच कारखान्यात रोज वापरलं जातं, आणि मासे कशाने मरतात हे शोधलं ते विद्यापीठातल्या संशोधकांनी! पैसा, प्रयोगशाळा, माणसं यांतलं काय कमी होतं यांच्याकडे? कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ पासून ६पीपीडीला पर्याय तपासणं कंपन्यांना बंधनकारक केलं. सरकारने दट्ट्या दिल्याशिवाय हे हललं नाही.

आणि आपल्याकडे टायरवाले एकत्र आले तेव्हा काय झालं? भावांबाबत संगनमत केल्याचा ठपका ठेवून स्पर्धा आयोगाने पाच कंपन्यांना १,७८८ कोटींहून जास्त दंड ठोठावला. आदेश २०१८ चा, जाहीर झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. सगळे एका टेबलाभोवती बसले की गिऱ्हाइकाचं आणि मासळीचं भलं होतं, यावर माझा विश्वास नाही.

खाडीकाठचा_चिपळूणकर

दाभोळकर, दंडाचं प्रकरण अर्धंच सांगितलंत. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये ते फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. शिवाय भाव ठरवणं वेगळं आणि पाण्यातले कण मोजायची पद्धत ठरवणं वेगळं. प्रत्येकाने आपापली पद्धत वापरली तर कोणाचा टायर जास्त झिजतो हे तुम्ही कसं ठरवणार? युरोपात वाहनांच्या प्रदूषणाच्या ‘युरो ७’ नियमांत टायरच्या झिजेवर मर्यादा येते आहे. ती मोजायला सगळ्यांना मान्य असलेली एकच चाचणी लागते.

दोडामार्ग_बागायतदार

तुमच्या वादात रबर पिकवणारा कुठेच नाही. आमका कोण इचारता? पहाटे अंधारात चीक काढायला जातो, शीट वाळवतो, भाव पडला की गप्प बसतो. २०१८ मध्ये सिंगापूरला टायर कंपन्यांच्या पुढाकाराने शाश्वत नैसर्गिक रबरासाठी जागतिक मंच झाला. हेतू चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण जंगल तोडून रबर लावलं नाही याचे कागद उद्या माझ्याकडे मागणार. त्या कागदांचा खर्च कोण देणार? भावात चार रुपये वाढवून मिळणार का?

तिलारी_खोरं

दादा, कागद मागायलाच हवेत. आपल्याच तालुक्यात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलंय, हे तुम्हीही बघितलंय. हत्ती, गवे खाली वाडीत उतरतात ते उगाच नाही. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाला २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. छोट्या बागायतदाराचा खर्च कंपनीने उचलावा, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. त्यापुढे नाही.

घाटातला_ड्रायव्हर

टायरमध्ये हवा कमी, माल जास्त, वर घासलेले टायर. निम्मी भुकटी इथेच तयार होते. मालकांना कोण विचारतो?

दाभोळ_बंदर

ड्रायव्हर भाऊ, मालकांनाही विचारू. पण रसायन मालक घालत नाही.

चिपळूणकर, चाचणी एकच हवी हे पटलं. ती कोणाच्या हातात असावी, इथे आपलं जमत नाही. तुम्ही सांगितलेल्या प्रकल्पात एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके नाहीत, आणि आपल्या रस्त्यावरचे ट्रक बघा कोणाच्या टायरवर पळतात ते. जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी जुलै २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली, ती कायद्याने आहे म्हणून कोणाला तरी जाब विचारता येतो. झिजून गेलेल्या रबराबद्दल तसं काही नाही. तोवर खाडीतल्या बोय माशांचं, तिसऱ्या शिंपल्यांचं काय, हे आम्ही कोणाला विचारायचं?

खाडीकाठचा_चिपळूणकर

सामनला जे मारतं ते प्रत्येक माशाला मारतंच असं नाही, काही जातींवर परिणाम दिसलेला नाही. म्हणून आधी आपलं पाणी आणि आपली मासळी तपासायला हवी. पैसा कंपन्यांनी एकत्र द्यावा, नमुने विद्यापीठाने घ्यावेत, आकडे सगळ्यांसाठी खुले असावेत. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे.

दाभोळ_बंदर

पैसा त्यांचा असेल तर नमुने घेताना मच्छीमार सोसायटीचा माणूस होडीत हवा. आणि पहिला नमुना पहिल्याच पावसाचा, ऑगस्टमधल्या धुऊन निघालेल्या पाण्याचा नाही. हे मान्य असेल तर हे सगळं मागणाऱ्या पत्राचा मसुदा टाका, मी आमच्या सोसायटीपुढे ठेवतो.