अमेरिकेतल्या मृत्युपत्रावरून पुण्याचा फ्लॅट नावावर कसा करायचा?

निशा_कोथरूड
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण नीट सांगते. माझे मोठे काका न्यू जर्सीत होते, अमेरिकन नागरिक, मागच्या वर्षी वारले. मूलबाळ नाही, काकू आधीच गेल्या. त्यांचा कोथरूडला फ्लॅट आहे आणि वाईजवळ वडिलोपार्जित शेतात हिस्सा. 2021 मध्ये तिकडच्या वकिलाकडून विल केलं, त्यात भारतातलं सगळं मला आणि माझ्या भावाला (तो पण तिकडेच असतो, ओसीआय आहे, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक). तिकडच्या सरोगेट कोर्टात (न्यू जर्सीत मृत्युपत्रांचं काम बघणारं कोर्ट) प्रोबेट झालंय, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला मिळालाय. आता सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात अमेरिकेचा कागद इथे चालत नाही, पुण्याच्या कोर्टाचं प्रोबेट आणा. त्यात आत्याचा मुलगा 2012 चं मृत्युपत्र घेऊन उभा राहिलाय, पुण्यात रजिस्टर केलेलं, त्यात फ्लॅट त्याच्या नावे. तो म्हणतो रजिस्टर्ड आहे म्हणजे तेच खरं, आणि सोसायटीत नॉमिनी म्हणूनही त्याचंच नाव आहे. खरं काय आहे यात? आणि सुरुवात कुठून करू?

गिरगाव_कट्टा
प्रोबेट कंपल्सरी आहे ताई. आमच्या चाळीतल्या खोलीसाठी हायकोर्टात जावं लागलं होतं. सेक्रेटरी बरोबर बोलतोय.

काळा_कोट
गिरगावकर, ते मुंबईचं होतं हो. सक्सेशन ॲक्टचं (वारसा कायदा) प्रोबेटची सक्ती करणारं 213 कलम हिंदूंना लागायचं ते मुंबई, चेन्नई, कोलकाता या हायकोर्टांच्या मूळ हद्दीतल्या (म्हणजे त्या शहरांतल्या) मिळकतींना आणि तिथे केलेल्या मृत्युपत्रांना. पुण्यातल्या मिळकतीला एरवी कधीच सक्ती नव्हती. आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. तरी सोसायट्या, बँका मागत राहतात, सवय जात नाही त्यांची.

निशाताई, तुमचं प्रकरण मात्र वेगळ्या कारणाने कोर्टात जाणार असं दिसतंय, ते म्हणजे आतेभाऊ. आधी मूळ गोष्ट. जमीन किंवा फ्लॅट ज्या देशात, तिथलाच कायदा त्याला लागतो, मालक कुठेही राहत असो. त्यामुळे तिकडच्या कोर्टाने विल मान्य केलं म्हणजे कोथरूडचा फ्लॅट आपोआप तुमचा होत नाही, पण म्हणून तो कागद कचरा पण नाही. त्याच कायद्याचं 228 कलम वाचा. परदेशातल्या सक्षम कोर्टात सिद्ध होऊन जमा झालेल्या विलची अधिकृत प्रत हजर केली तर इथलं कोर्ट त्या प्रतीच्या आधारे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मिळकतीचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकारपत्र) देऊ शकतं. मूळ विल तिकडच्या कोर्टाकडेच अडकलेलं असतं, म्हणूनच ही सोय.

आता खरी मेख. ते विल 63 कलमात बसतं का? म्हणजे काकांची सही, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी काकांना सही करताना पाहिलं (किंवा काकांनी त्यांच्यापाशी कबूल केलं की ही माझी सही) आणि काकांच्या समोर स्वतः सह्या केल्या. नुसतं नोटराइज्ड असून भागत नाही. तिकडे काही राज्यांत साक्षीदाराशिवाय स्वतःच्या हाताने लिहिलेलं विलही धरतात, तसलं असेल तर इथल्या फ्लॅटला ते कामाचं नाही. आणि 2021 म्हणजे करोनाचा काळ, तेव्हा तिकडे काही राज्यांत व्हिडिओ कॉलवरून साक्षी चालल्या होत्या. तुमच्या विलवरच्या सह्या समोरासमोर झाल्या का हे त्या वकिलाला आजच विचारा, कारण विरुद्ध बाजूचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार.

2012 च्या मृत्युपत्राचं: नोंदणी ऐच्छिक असते, नोंदणीने मृत्युपत्र मोठं होत नाही. शेवटचं वैध विल टिकतं. मात्र अमेरिकन विलमधलं "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य शब्दन् शब्द वाचा. तिकडचे वकील कधीकधी ते फक्त तिथल्या मालमत्तेपुरतं लिहितात. तुमच्या विलमध्ये भारतातल्या मिळकतीचा उल्लेख आहे म्हणताय, तर बाजू भक्कम आहे.

एडिसनकर
कागदांचं मी सांगतो. सरोगेटकडून विल आणि प्रोबेटच्या सर्टिफाइड कॉप्या काढा, दोन-तीन जास्तीच्याच काढा. मग त्यावर अपॉस्टिल (हेग करारातल्या देशांत कागद खरा धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का), न्यू जर्सीचं काम ट्रेंटनला ट्रेझरी खात्याकडे होतं. डेथ सर्टिफिकेटला पण करून घ्या. भारत 2005 पासून त्या करारात आहे त्यामुळे कॉन्सुलेटच्या शिक्क्याची गरज पडत नाही, एजंट सांगतील दोन्ही करा, ऐकू नका. आणि ते साक्षीदार बहुतेक वकिलाच्या ऑफिसातले कर्मचारी असतील, नोकरी बदलायच्या आत गाठा.

निशा_कोथरूड
बाप रे, साक्षीदारांचं डोक्यातच नव्हतं. विलला शेवटी सेल्फ-प्रूव्हिंग ॲफिडेव्हिट (साक्षीदारांचं नोटरीसमोरचं शपथपत्र) जोडलंय, तेवढ्याने होणार नाही का? आणि नॉमिनीचं कुणीच बोललं नाही.

काळा_कोट
ते ॲफिडेव्हिट तिकडच्या कोर्टाची सोय आहे. आधार म्हणून जोडाच, पण इथे वाद झाला तर साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष लागते. व्हिडिओ कॉन्फरन्सने होते हल्ली. आतेभावाने हरकत घेतली की तुमचा अर्ज दाव्यासारखा चालेल, त्यामुळे वेळ लागणार हे धरून चला. म्हणूनच सोसायटीशी भांडत बसू नका, थेट कोर्टात जा.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. 2019 पासून सहकार कायद्यात 154ब-13 आहे, त्याप्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, हक्क ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसाने. पण तो मधल्या काळात फ्लॅट भाड्याने देऊन बसला तर? सोसायटीला वादाची लेखी नोटीस द्या, पोच घ्या.

मेणवली_घाट
शेताचं पण बघा ताई. वडिलोपार्जित असेल तर काकांना फक्त त्यांच्या हिश्शाचंच मृत्युपत्र करता येतं, सगळ्या गटाचं नाही. तलाठ्याकडे फेरफाराचा (सातबाऱ्यावर नाव बदलण्याचा) अर्ज टाकला की सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा जाणार, कुणी तक्रार केली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे. तुमच्या नावावर किंवा वडिलांच्या नावावर आधीचा सातबारा आहे का? 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या एका केसमध्ये शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने शेतजमीन देता येत नाही असं म्हटलंय. तो कूळकायदा मूळचा मुंबई राज्याचाच, त्यामुळे तो मुद्दा कुणीतरी काढेलच.

फोंडेकार
गोंयात आसतें तर आणखी गोंधळ! आमच्याकडे मुलं, आईवडील असे राखीव वारस असले तर विलने अर्ध्यावरच मन चालवता येतं.

एडिसनकर
भावासाठी एक. ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही पण वारशाने चालते, मात्र पुढे विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. फ्लॅट विकला तर पैसे एनआरओ खात्यात (परदेशस्थांचं भारतातलं रुपया खातं) घ्यायचे, तिथून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं सर्टिफिकेट लागतं. वारसाकर इथे 1985 पासून नाही, विकताना कॅपिटल गेन (नफ्यावरचा कर) मात्र आहे, आणि खरेदी किंमत काकांची धरतात. तर काकांचं जुनं ॲग्रीमेंट शोधून ठेवा.

निशा_कोथरूड
ॲग्रीमेंट बहुतेक फ्लॅटच्याच कपाटात आहे, आणि चावी आतेभावाकडे 🙂 वकिलांची वेळ घेते उद्या.