शब्दचर्चा: 'ग्रॅटिट्यूड जर्नल'ला मराठीत काय म्हणाल?

निंबोणी: गेल्या वर्षी आई तीन महिने अंथरुणाला खिळून होती. मैत्रीण म्हणाली, रोज रात्री दिवसभरातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहून काढ. लिहू लागले. 'अर्धी भाकरी खाल्ली.' 'मावशींनी न सांगता चादर बदलली.' 'औषधवाल्याने उधारीवर दिलं.' आईचं दुखणं त्याने हललं नाही, पण मी तग धरला. आता त्या वहीला नाव द्यायचंय. 'कृतज्ञता दैनंदिनी' म्हटलं की सरकारी परिपत्रक आल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय?

जुनी पाटी: 'कृतज्ञता'वर इतका राग नको. फोड करून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी आपल्यासाठी केलेलं जो जाणतो तो कृतज्ञ. उलटा शब्द कृतघ्न, केलेल्याचा घात करणारा. शत्रुघ्नमधला 'घ्न' तो हाच. म्हणजे मुळात परतफेड कुठेच नाही, नुसतं जाणणं आहे.

बोलण्यातले आपले बाकीचे शब्द मात्र देण्याघेण्यात अडकलेले. 'ऋणी' झालो की कर्ज आलं. उपकार फेडायचे, आईवडिलांचे पांग फेडायचे, कुणाचं तरी उतराई व्हायचं. पुस्तकाच्या सुरुवातीला छापतात तोही 'ऋणनिर्देश'च! त्यामुळे 'आभारवही' अजिबात नको. लग्नात कुणी किती आहेर केला ते टिपून ठेवतात, तसलं काहीतरी वाटेल.

'केल्याची जाण ठेवणे' हा प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो. पण 'जाणवही' केलं तर वाचणारा 'जाणव ही' असं तोडणार.

खारे दाणे: रोजनिशी चालेल की. साधा, रुळलेला शब्द.

जुनी पाटी: चालेल, पण पेशवे दफ्तरातल्या रोजनिशा आठवतात. कुणाला काय दिलं, कुठला हुकूम सुटला, सगळा कारभार. मनातलं लिहायला ते भांडं जरा मोठं होतं.

गल्लीतला: आमचं किराणा दुकान होतं. वडील रात्री शटर ओढलं की कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला बसायचे. एका बाजूला जमा, दुसरीकडे नावे म्हणजे गेलेले पैसे, शेवटी शिल्लक. 'जमेची बाजू' हा शब्द आपण माणसांबद्दलही वापरतोच. मग सरळ 'जमेची वही' म्हणा.

एक सांगतो, नावे बाजू कोरी सोडू नका. नुसती जमा लिहिलेली कीर्द खोटी असते. ज्या दिवशी आईने काहीच खाल्लं नाही, तेही लिहा. त्याच पानावर चादर बदलणाऱ्या मावशी आल्या, तर त्या एका ओळीचं वजन कळतं.

कोरा कागद: थोडं विषयांतर. एमन्स आणि मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003चा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायला लावलं होतं. एका गटाने चांगल्या गोष्टी लिहिल्या, पाचपर्यंत, दुसऱ्याने कटकटी. चांगलं लिहिणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. तेव्हा एखादी रात्र चुकली म्हणून जीवाला लावून घेऊ नये. बाकी, 'रेझिलियन्स'ला, म्हणजे संकटात न मोडण्याला, वर्तमानपत्रं 'लवचिकता' लिहितात ते कानाला खटकतं. ती रबराची असते. निंबोणीताईंनी लिहिलं तसं माणूस तग धरतो.

खारे दाणे: चिवटपणा?

कोरा कागद: त्यात थोडा हट्ट येतो. आणि माणसाबद्दल 'चिवट' म्हटलं की पहिल्यांदा कंजूषच आठवतो. नामच हवं असेल तर 'उभारी'. पण तग धरणं हे पडझड चालू असतानाचं आणि उभारी येते ती नंतर, हा फरक राहतोच.

निंबोणी: वहीच्या पुठ्ठ्यावर 'जमेची' एवढंच लिहिलंय. गल्लीतला यांचं ऐकून आता नावेही मांडते, पानाच्या उजव्या अंगाला.

काल आईने वही बघितली. म्हणाली, "कुणाचा हिशेब चाललाय गं?"

म्हटलं, "तुझाच."

तिने दोनचार पानं उलटली. "मग त्या चादरवाल्या मावशींना दिवाळीचं काही दिलंस का?"

नव्हतं दिलं.