अझुची किल्ल्यावर बघण्यासारखं काही उरलंय का?

भटक्या: पुढच्या महिन्यात क्योटोला आहे, ओदा नोबुनागाच्या (सोळाव्या शतकातला जपानी सरदार) या किल्ल्यासाठी एक दिवस काढावा का?

ओसाकाकर: महाल शून्य. १५७६ ला काम काढलं, १५७९ ला नोबुनागासाहेब राहायला आले नि १५८२ ला ते मेल्यावर काही दिवसांत सगळं जळालं, आग कोणी लावली यावर अजून भांडतायत. पण दगडी जिना बघच, पायऱ्यांत चक्क बुद्धाच्या मूर्ती बसवल्यात, मिळेल तो दगड लावलाय, पाय ठेवताना कसंतरीच होतं.

गडवेडा: वर महालाच्या पायाचे दगड ओळीने आहेत, मधली जागा तेवढी रिकामी. तिथल्या सोकेन-जी देवळाचा तीन मजली पॅगोडा शाबूत. खाली म्युझियममध्ये जळालेल्या महालाच्या वरच्या दोन मजल्यांची प्रतिकृती आहे, १९९२ च्या स्पेनमधल्या सेव्हिल एक्स्पोसाठी (जागतिक प्रदर्शन) बनवलेली, जरा जास्तच चकचकीत.

भटक्या: मूर्तींसाठी तरी जातोच.